मेल्तेमी काय म्हणतो?

माझी पहिली नेमणूक कोकणात, खाडीपलीकडच्या एका शाळेत झाली होती. अलीकडच्या काठापर्यंत एस.टी. यायची आणि तिथून पुढे तर. तर म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच, बाकीच्यांसाठी सांगितलं. जुलै महिन्यात एखाद्या सकाळी तरवाले काका काठावर नुसते उकिडवे बसलेले असायचे. मी जवळ गेले की माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "बाई, आज नाय." संपलं! पलीकडच्या धक्क्यावर माझी अकरा मुलं डोक्यावर इरली नाहीतर प्लॅस्टिक घेऊन उभी, अलीकडे छत्री सांभाळत मी उभी. आम्ही एकमेकांना हात करायचो. मग ती घरी जायची आणि मी परतीच्या एस.टी.ची वाट बघत बसायची.

मुलांनो, ही खाडीची गोष्ट मला परवा अचानक आठवली, ती युरोपच्या नकाशावर बोट फिरवताना. ग्रीस देशाच्या पूर्वेला एजियन समुद्र आहे ना, तिथे बोट ठेवा. कुणीतरी निळ्या कागदावर मूठभर खडे उधळावेत तशी बेटं दिसतात. ग्रीसची लहानमोठी मिळून सुमारे ६००० बेटं मोजतात, आणि त्यांपैकी फक्त २२७ बेटांवर माणसं राहतात. आपल्याला जायचं आहे ते त्यांतल्याही अगदी चिमुकल्या पाच-सहा बेटांवर. तेही ऐन उन्हाळ्यात आणि शिडाच्या होडीतून.

आता खरं सांगते, मी स्वतः तिथे गेलेली नाही. पण दोन महिने नकाशे, प्रवासवर्णनं, खलाशांसाठी छापलेली माहितीपुस्तकं असं मिळेल ते वाचत होते. आता ती वाट मला पाठ झाली आहे. तेव्हा घरात नकाशाचं पुस्तक असेल तर घ्या समोर. आई-बाबांनाही बोलवा. त्यांनाही होडीत जागा आहे.

नाक्सोसच्या धक्क्यावर

अथेन्स शहराच्या पिरेअस बंदरातून मोठी बोट निघते. साधारण साडेपाच तासांनी ती नाक्सोस बेटावर पोचते. या भागातल्या बेटांच्या समूहाला किक्लादेस म्हणतात. इंग्रजी नकाशात ते 'सायक्लेडीस' असं लिहिलेलं सापडेल. देलोस या पवित्र बेटाभोवती गोल कडं करून बसलेली बेटं, म्हणून हे नाव. ग्रीक भाषेत गोलाला, चाकाला 'किक्लोस' म्हणतात. भाषेचा अभ्यास करणारे सांगतात की हा 'किक्लोस' आणि आपलं 'चक्र' ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत! आहे की नाही गंमत?

नाक्सोस हे किक्लादेसमधलं सगळ्यांत मोठं बेट. त्याच्या झास डोंगराची उंची १००० मीटरच्या थोडी वर जाते. बंदरात शिरताना एक प्रचंड दार दिसतं, नुसतीच संगमरवरी चौकट, सुमारे ६ मीटर उंच. मागे देऊळ नाही, भिंत नाही! अडीच हजार वर्षांपूर्वी अपोलो देवाचं मंदिर बांधायला घेतलं आणि ते पुरंच झालं नाही. राहिलं ते दार. त्या दारातून पलीकडचा समुद्र दिसतो.

आपली होडी १२ मीटर लांब आहे. एक डोलकाठी, दोन शिडं, मागे सुकाणू, आणि वारा पडलाच तर एक छोटं इंजिन. सोबत एक म्हातारा ग्रीक कप्तान आहे असं समजू या. (मी त्याला मनात आमच्या तरवाल्या काकांचाच चेहरा दिला आहे.) सकाळचे सहा वाजलेत. आकाश असं निळं की एक ढग औषधाला नाही. चला, सुटू या!

पण कप्तान हलत नाही. तो नुसता उत्तरेकडे बघतो आहे.

आपला पाऊस आणि त्यांचा वारा

तो बघतो आहे मेल्तेमीची वाट. मेल्तेमी हे एका वाऱ्याचं नाव आहे. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, हा वारा एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहतो. वादळाची काही चाहूल नसते. ढग नाही, वीज नाही, पाऊस तर नाहीच. लख्ख ऊन आणि त्यात हा पठ्ठ्या घोंघावत येतो. दुपारी त्याला जोर चढतो, रात्री बऱ्याचदा तो निवतो. कधी मात्र तीन-चार दिवस दिवसरात्र धिंगाणा घालतो. जुने ग्रीक लोक या वाऱ्यांना 'दरवर्षी येणारे' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. अलेक्झांडरचे वडील फिलिप हे अथेन्सचे शत्रू. ते नेमके हे वारे सुरू झाले की उत्तरेत चढाई करत, कारण दक्षिणेकडून मदतीला निघालेल्या अथेन्सच्या जहाजांना समोरून वारा लागे. डिमॉस्थेनिस या वक्त्याने भर सभेत याबद्दल आपल्या लोकांना चांगलं फटकारलं होतं.

पण हा वारा येतो कुठून? याचं उत्तर वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. कारण उत्तराचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो.

मे-जूनमध्ये राजस्थान, पाकिस्तान, इराण इथली जमीन तव्यासारखी तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि खाली हवेचा दाब कमी होतो. या कमी दाबाकडे अरबी समुद्रावरची ओली हवा धावत येते. तोच आपला मोसमी पाऊस. एवढं तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे. पण हा कमी दाबाचा पट्टा इराणपाशी थांबत नाही. तो इराकवरून पार तुर्कस्तानपर्यंत लांबतो. ग्रीसच्या उत्तरेला, बाल्कन देशांवर, त्या दिवसांत हवेचा दाब जास्त असतो. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि मधे एजियन समुद्र. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते आणि उत्तरेचा वारा होऊन या बेटांमधून घुसते.

आणखी एक. आपल्याकडे पावसाळ्यात एवढी हवा वर चढते, तिला कुठेतरी खाली यायलाच हवं ना? १९९६ साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की आपल्या मोसमी पावसाचा परिणाम होऊन भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर हवा खाली उतरते. खाली उतरणारी हवा कोरडी होते, तिच्यात ढग धरत नाहीत. म्हणजे आपल्याकडे कौलांवर पाऊस तडतडत असतो तेव्हा तिकडचं आकाश निळंशार असतं, त्यात आपल्या पावसाचाही हात असतो! कोकणात खाडी खवळली म्हणून "आज नाय" म्हणणारे काका, आणि हजारो किलोमीटरवर कोरड्या उन्हात उत्तरेकडे बघणारा हा कप्तान. दोघांना अडवणारे वारे एकाच मोठ्या चक्रातले.

दक्षिणेला मजा, उत्तरेला परीक्षा

"चार बोफोर," कप्तान म्हणतो आणि दोर सोडतो.

बोफोर म्हणजे काय? फ्रान्सिस बोफर्ट हा ब्रिटिश नौदलातला अधिकारी. त्याने १८०५ मध्ये वाऱ्याचा जोर मोजायला ० ते १२ अशी पट्टी बनवली. तिला कसलंही यंत्र लागत नाही, नुसतं बघून ओळखायचं. ४ म्हणजे लाटांवर इथेतिथे पांढरे फेस दिसतात, रस्त्यावरचे कागद उडतात. ६ झाला की छत्री धरवत नाही. ८ ला समोरून चालणं मुश्कील, झाडांच्या बारीक फांद्या मोडतात. आपण 'आज किती डिग्री?' विचारतो, तसं ही बेटांवरची माणसं 'आज किती बोफोर?' विचारतात.

आपल्याला दक्षिणेला जायचं आहे आणि वारा उत्तरेकडून, म्हणजे पाठीवर. शीड फुगतं आणि होडी निघते. इंजिन बंद. आता काय ऐकू येतं? पाणी होडीच्या अंगाला घासून जातं त्याचा आवाज, दोरांची किरकिर, शिडाचा एखादा फटका. वेग म्हणाल तर ६ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे झाले ताशी ११ किलोमीटर. उताराला लागलात की सायकलवर तुम्ही यापेक्षा जोरात जाता! पूर्वी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडत आणि किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. त्या गाठींवरून 'नॉट' आलं.

पाठीवर वारा असला तर शीड कसं चालतं ते कुणीही सांगेल. पण परत उत्तरेला यायचं झालं तर? वारा तोंडावर! शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या तोंडात कधीच जाऊ शकत नाही. ती तिरकी मात्र जाते, वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून. कारण ताणलेलं शीड विमानाच्या पंखासारखं वाकतं. त्याच्या दोन बाजूंनी वारा वेगवेगळा वाहतो आणि शिडाला पुढे-तिरकं ओढतो. होडीच्या तळाखाली पाण्यात एक जड, उभा पंखा असतो. तो तिला बाजूला सरकू देत नाही. उरते ती फक्त पुढची गती. मग काय करायचं? थोडं तिरकं डावीकडे जायचं, वळायचं, तिरकं उजवीकडे जायचं, पुन्हा वळायचं. घाटातला रस्ता चढतो तसं. दहा किलोमीटर उत्तरेला जायला चौदा किलोमीटर पाणी कापावं लागतं. (सातवी-आठवीतल्यांनी काटकोन त्रिकोण काढून बघा, बरोबर तेवढंच येतं. पायथागोरसही ग्रीकच, आणि तोही एका बेटावरचाच, सामोसचा!) त्यात लाटा अंगावर येणार, होडी एका कुशीवर कलणार, आणि स्वयंपाकघरातलं सगळं सामान इकडून तिकडे. म्हणून इथले जुने खलाशी दक्षिणेला जाण्याआधीच परत कसं यायचं याचा विचार करून ठेवतात.

चार चिमुकल्या बेटांवर

नाक्सोसच्या दक्षिणेला, त्याच्या डोंगरांच्या आडोशाला, धाकटी किक्लादेस बेटं आहेत. पहिलं लागतं इराक्लिया. जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, दीडशेच्या आसपास वस्तीचं. आपल्याकडच्या एका मोठ्या वाडीत याहून जास्त माणसं असतात. डोंगरात एक मोठी गुहा आहे, सेंट जॉनची. ऑगस्टच्या शेवटी तिथे जत्रा भरते आणि लोक मेणबत्त्या घेऊन आत उतरतात. बेटाच्या एका खाडीत पाण्याखाली दुसऱ्या महायुद्धातलं एक जर्मन समुद्री विमान पडलेलं आहे. पाणी इतकं नितळ की वरूनही त्याचा आकार दिसतो.

आता नांगर टाकायचा. इथे कप्तान होडी दोनदा फिरवतो, खाली वाकून बघतो. पाण्याखाली काळपट हिरवे पट्टे दिसतात ना, ते खडक नव्हेत. ते आहे पोसिडोनिया. शेवाळ नाही बरं का, चांगलं मुळं-पानं-फुलं असलेलं समुद्रातलं गवत! माशांची पिल्लं यात वाढतात, किनाऱ्याची वाळू हे धरून ठेवतं. पण ते वाढतं अतिशय सावकाश. एक नांगर ओढला गेला की काही क्षणांत जेवढं उपटलं जातं, तेवढं भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून नांगर टाकायचा तो फिक्या, स्वच्छ वाळूवरच. उन्हाळ्यात या पाण्यात येणाऱ्या हौशी होड्यांची संख्या वाढते आहे आणि सगळेच काही असे वाकून बघत नाहीत.

इराक्लियाहून स्खिनूसा अगदी जवळ. सकाळचा नाश्ता करून निघालो तर दुपारच्या जेवणाआधी पोचू. बंदर खाली, गाव वर टेकडीवर. जेवायला 'फावा' मिळतो. पिवळ्या वाटाण्यासारख्या डाळीचं घोटून केलेलं, घट्ट गोळा वरणासारखं काहीतरी. वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. मी घरी आपल्या डाळीचा करून पाहिला. आमच्या मुलाने विचारलं, "आई, फोडणी द्यायला विसरलीस का?"

दुपारी गावात चिटपाखरू नसतं. नुसता झाडांतला किड्यांचा किर्रर्र आवाज आणि शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. इथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात, उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच. म्हणून जुन्या घरांच्या अंगणात किंवा खाली पाणी साठवायची टाकी असते, आणि छपरं सपाट, पांढरी, पावसाचा थेंब न् थेंब त्या टाकीत जाईल अशी. आता समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं आली आहेत, पण पाहुण्यांची गर्दी झाली की तीही कमी पडतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावांतल्या मुलांना हे समजावून सांगायला नको.

पुढचं कूफोनिसी हे या सगळ्यांत गजबजलेलं. कायमची वस्ती चारशेच्या आसपास, आणि कोळ्यांच्या होड्या वस्तीच्या मानाने भरपूर. लाकडी होड्या दुरुस्त करायची जागाही आहे. ग्रीसमध्ये या रंगीत लाकडी होड्यांना 'काईकी' म्हणतात. त्यांची गोष्ट थोडी कडू आहे. समुद्रातले मासे संपत चालले, म्हणून युरोपीय संघाने मासेमारी सोडणाऱ्या कोळ्यांना पैसे देऊ केले. हेतू चांगला होता. पण मासेमारी खरंच थांबावी म्हणून परवान्याबरोबर होडीही मोडून टाकली जाई. १९९० नंतरच्या काळात अशा हजारो लाकडी होड्या यंत्राखाली चिरडल्या गेल्या. आजोबांनी हाताने तासलेली होडी, नातवाच्या देखत. मासे वाचायला हवेत हे खरंच. पण निदान होडी ठेवता आली नसती का, असं मला राहून राहून वाटतं.

चौथं बेट दोनूसा, जरा बाजूला, नाक्सोसच्या पूर्वेला एकटं पडलेलं. याच बेटाजवळ ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलेलं असताना, ग्योबेन आणि ब्रेस्लाऊ या दोन जर्मन युद्धनौकांनी ब्रिटिश आरमाराला चुकवून गुपचूप कोळसा भरून घेतला होता. एवढं शांत बेट, म्हणूनच तर निवडलं!

तुटक्या मूर्तींचं बेट

कूफोनिसीच्या समोर एक मोठा ओसाड डोंगर समुद्रातून वर आलेला दिसतो. ते केरोस. तिथे कुणी राहत नाही आणि आपणही उतरायचं नाही. ती जागा पुरातत्त्वाची, राखलेली आहे. होडीतूनच बघू या.

साडेचार हजार वर्षांपूर्वी, आपल्याकडे हडप्पा आणि मोहेंजोदडो भरात होती त्या सुमाराला, केरोसवर दुरून दुरून माणसं येत. येताना ती संगमरवरी मूर्तींचे तुकडे आणत. त्या मूर्ती तुम्ही कदाचित चित्रात पाहिल्या असतील. हाताची घडी घातलेली बाई, आणि चेहऱ्यावर फक्त नाक! बाकी डोळे-तोंड बहुधा रंगाने काढत असावेत. पुढे पिकासोसारखे मोठे चित्रकार या साध्या मूर्तींच्या प्रेमात पडले. केरोसवर मात्र त्या अखंड नव्हे, मुद्दाम फोडलेल्या सापडल्या. गंमत म्हणजे तुकड्याला तुकडा जुळत नाही. म्हणजे मूर्ती आपापल्या बेटावर फोडायची, एक तुकडा घ्यायचा, समुद्र ओलांडून केरोसला आणून ठेवायचा आणि परत जायचं. का, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. विसाव्या शतकात चोरट्यांनी ही जागा वाईट खणून काढली. उरलेलं शास्त्रज्ञांनी, त्यांत केंब्रिजचे कॉलिन रेनफ्रू हे प्रमुख, चिकाटीने तपासलं.

केरोसला लागून दास्कालियो नावाचा एक सुळका पाण्यात उभा आहे. तेव्हा समुद्राची पातळी कमी होती आणि हा सुळका केरोसला चिकटलेला होता. २०१८ मध्ये उत्खनन करणाऱ्यांनी जाहीर केलं, की या सुळक्यावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली दगडी वस्ती होती आणि तिच्यासाठी किमान १००० टन पांढरा दगड नाक्सोसहून आणलेला होता. नाक्सोस तिथून दहाएक किलोमीटर. आणि तेव्हा इकडे शीड आलेलंच नव्हतं! सिरोस बेटावर सापडलेल्या मातीच्या भांड्यांवर त्या काळच्या होड्या कोरलेल्या आहेत. लांबलचक, दोन्ही बाजूंना ओळीने वल्ही, टोकाला एक मासा. तेवढ्यावर हजार टन दगड! म्हणजे दहा-दहा टनांचे शंभर ट्रक.

आता विचार करा. मेल्तेमी तेव्हाही असणार. दगड लादलेली होडी घेऊन कुणीतरी पहाटे किनाऱ्यावर उभं राहून उत्तरेकडे बघत असणार, आणि मागे वल्हेकरी वाट बघत बसलेले असणार.

नापीक वाट

सुटीवर आलेल्याला होडी अडकली तर फार तर विमान चुकतं. पण या बेटांवर बारा महिने राहणाऱ्यांचं काय?

त्यांच्यासाठी आहे छोटी बोट. अनेक दशकं नाक्सोस, धाकटी बेटं आणि आमोर्गोस यांच्यामध्ये 'एक्स्प्रेस स्कोपेलितिस' नावाची एक छोटी बोट धावली. नाव एक्स्प्रेस, चाल मात्र आपल्या पॅसेंजर गाडीची. कांदे, गॅसच्या टाक्या, कोंबड्यांचं खाद्य, औषधं, टपाल, कुणाचा फ्रीज, कुणाची आजी, सगळं तिच्यात. ती धक्क्याला लागली की गाव गोळा व्हायचं. थंडीच्या दिवसांत तर ती दिसेपर्यंत लोकांचा जीव टांगणीला. अशा बोटींचं तिकिटांवर भागत नाही, म्हणून ग्रीक सरकार त्यांना पैसे देतं. त्या मार्गांना ग्रीक भाषेत नाव आहे 'आगोनी ग्रामी', म्हणजे नापीक वाट. ज्या वाटेवर काही उगवत नाही, म्हणजे नफा होत नाही, ती. मला मात्र हे नाव पटत नाही. त्या वाटेने शिक्षक येतो आणि डॉक्टर येतो!

वारा ठरावीक बोफोरच्या वर गेला की तटरक्षक दलाकडून बोटी बंद ठेवण्याचा हुकूम निघतो. 'अपागोरेफ्तिको', म्हणजे मनाई. बोट जितकी लहान, तितक्या कमी वाऱ्यात ती अडते. म्हणजे ज्यांना बोटीची सगळ्यात जास्त गरज, त्यांचीच बोट आधी बंद.

या बेटांवरच्या शाळा मी मुद्दाम शोधल्या. बोटांवर मोजण्याइतकी मुलं, एखाददुसरा शिक्षक, बहुतेकदा नोकरीत नवाच आणि मुख्य भूमीवरून आलेला. याच समुद्रात पूर्वेला आर्की नावाचं बेट आहे. तिथल्या शाळेत काही वर्षांपूर्वी फक्त एकच मुलगा होता, आणि त्याच्यासाठी एक शिक्षक. हसू नका. शाळा बंद झाली तर त्याच्या आई-बाबांना घर सोडून मोठ्या बेटावर जावं लागेल. ते गेले की दुकान कमी चालेल, मग दुकानदार जाईल, मग बोट म्हणेल, आता कुणासाठी थांबू? आपल्याकडेही पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायच्या गोष्टी निघतात, तेव्हा मला तो एकटा मुलगा आणि माझी ती अकरा मुलं आठवतात.

आमोर्गोसला मुक्काम

शेवटचं बेट आमोर्गोस. लांबट, डोंगराळ, कड्यांचं. समुद्रापासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, उभ्या कड्याला पांढरा खडू घासावा तसा एक मठ चिकटलेला आहे. अकराव्या शतकातला, आणि जेमतेम ५ मीटर रुंद! चढून गेलं की मठातले लोक पाहुण्यांना गोड वडी देतात. त्या बाजूच्या समुद्रात होड्या सांभाळून जातात, कारण डोंगर ओलांडून खाली कोसळणारा मेल्तेमी समुद्रावरच्यापेक्षाही उर्मट असतो.

आमोर्गोसच्या कोळ्यांची एक गोष्ट सांगायची राहिली. मासे घटले तेव्हा ते सरकारची वाट बघत बसले नाहीत. एप्रिल-मे या मासे अंडी घालायच्या दिवसांत आपण जाळीच टाकायची नाहीत असं त्यांनी आपसांत ठरवलं, आणि त्या दोन महिन्यांत आपल्याच होड्या घेऊन, जिथे रस्ता जात नाही अशा किनाऱ्यांवरचा प्लॅस्टिकचा कचरा गोळा करायचा उपक्रम हाती घेतला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती कायद्याने. यांनी स्वतःहून ठरवलं.

आता परत निघायचं, नाक्सोसला, म्हणजे उत्तर-पश्चिमेला. कातापोला बंदरात आपण सामान बांधून तयार आहोत. पहाटे कप्तान धक्क्याच्या टोकाशी जातो. बंदराच्या बाहेर पांढरे फेसच फेस. उद्याची बोट बंद, असं कुणीतरी खानावळीच्या दारावर खडूने लिहून ठेवलं आहे. तो परत येतो, सैल झालेला दोर पुन्हा खुंट्याला दोन वेढे घालून आवळतो आणि कॉफी मागवतो.

"सात बोफोर," तो म्हणतो. "आज नाही."

रात्री होडीत आडवं पडलं की सगळ्या बंदरातल्या होड्यांचे दोर आपापल्या डोलकाठ्यांवर टकटक टकटक आपटताना ऐकू येतात. वर ढगाचं नाव नाही, नुसत्या चांदण्या. आणि त्याच वेळी इकडे माझ्या त्या खाडीवर धो धो पाऊस चाललेला असणार. तर काठाला बांधून ठेवलेली, आणि काका शेडमध्ये बिडी ओढत बसलेले.